मोकळे सोडलेले उंदीर दर वेळी दडून बसतात, वायरी कुरतडतात: कुठे काय चुकतं आणि काय केलं की थांबतं

तक्रार साधारण अशी असते. रात्री पाळलेल्या उंदरांच्या पिंजऱ्याचं दार उघडलं, दहा मिनिटं ते पायापाशी घुटमळले, मांडीवर चढून गेले, आणि मग त्यातला एक जो दिवाणाखाली गेला तो दोन तास बाहेरच आला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शोधता शोधता चार्जरची वायर दोन ठिकाणी तुटलेली सापडली. मग घरात ठरतं की बास झालं, आता यांना सोडायचंच नाही.

आमच्याकडे हे सगळं याच क्रमाने झालं. जिरी आणि मोहरी या दोन माद्या, ठाण्यातला वन बीएचके, घरात आम्ही चार माणसं. एकेक कारण शोधून काढण्यात माझे सहा-सात आठवडे गेले, पण आता दडून बसणं जवळजवळ थांबलं आहे. उंदीर हट्टी आहेत, ऐकत नाहीत, असं वाटत असेल तर ते आधी मनातून काढा. खोली उंदराच्या उंचीवरून कशी दिसते हे आपण कधी बघितलेलंच नसतं, आणि पकडायला आपण ज्या तऱ्हेने धावतो त्यातूनच ते दडायला शिकतात.

आत्ता, या घडीला उंदीर सापडत नसेल तर

बाकीचं नंतर वाचा. खोलीची सगळी दारं लावा, बाथरूमचं आणि गॅलरीचं आधी. घरातल्या सगळ्यांना सांगा की आहात तिथे थांबा. सोफ्यावर, गादीवर कुणी टेकू नका, रिक्लायनर किंवा झोपाळा हलवू नका, वॉशिंग मशीन लावू नका. कपाट, फ्रिज सरकवायचा मोह होतो, तो टाळा. मागे उंदीर असेल तर चेंगरतो.

मग पिंजरा जमिनीवर ठेवून त्याचं दार उघडं ठेवा. सोबतीण पिंजऱ्यात असेल तर उत्तम, पण मग ती बाहेर पडणार नाही अशी सोय करा. तिला वेगळ्या खोक्यात ठेवून ते खोकं मोकळ्या पिंजऱ्याशेजारी ठेवलं तरी चालतं. आत त्यांच्याच वासाचं फडकं, पाणी आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवा. दिवे मालवा. भिंतीच्या कडेने गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढून ठेवा. सकाळी पावलांचे ठसे आणि शेपटीची ओढलेली रेघ बघून कळतं की उंदीर कुठून निघून कुठे जातोय. मोहरी एकदा रात्रभर सापडली नव्हती तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ट्रॉलीखाली आहे हे आम्हाला पिठानेच सांगितलं. त्याआधी आम्ही चौघं बेडरूम उलटीपालटी करत होतो.

घरचा उंदीर भुकेने आणि सोबतीच्या ओढीने बहुधा रात्रीतच परत येतो. चिकटपट्टीचा सापळा काहीही झालं तरी लावू नका, त्यात कातडी सोलवटते आणि घाबरून उंदीर मरतो. (जनावर त्यात अडकलंच तर ओढायचं नाही, खायचं तेल चोळून चोळून हळूहळू सोडवायचं.) पोळीचा तुकडा अडकवायचा जुना लोखंडी पिंजरासुद्धा नको. त्याचं दार स्प्रिंगवर सपकन बसतं आणि शेपूट सापडते.

दडतात का

घरात पाळायचा उंदीर म्हणजे गटारातल्या तपकिरी उंदराचाच माणसाळवलेला वंश. जात एकच. माणसाच्या हाताची भीती पिढ्यानपिढ्यांत गेली, पण मोकळ्या जागेची गेली नाही. उंदराची नजर अधू असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांची तर फारच. ते उडी मारण्याआधी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवतात ना, ते अंतराचा अंदाज घेत असतात. म्हणून उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने जातो. खोलीच्या मधोमध चकचकीत फरशीवर त्याला अंग उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि वरून येणारी कुठलीही मोठी गोष्ट म्हणजे झडप. अंधारी, अरुंद, तिन्ही बाजूंनी अंगाला लागणारी जागा दिसली की तिथे त्याला हायसं वाटतं. आपल्याला अडगळ दिसते, त्याला घर दिसतं.

आता यात आपण झाडू घेऊन वाकतो. पहिल्या तीन रात्री मी नेमकं हेच केलं. टॉर्चचा झोत तोंडावर, झाडूचा दांडा मागून, वर सगळ्यांचा आरडाओरडा. चौथ्या रात्री पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर मोहरी दहा मिनिटंही थांबली नाही, सरळ रेषेत दिवाणाखाली गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवाणाखाली जाणं हा तिचा खेळ नव्हताच, तिला तिथे आम्हीच पाठवत होतो.

तेव्हा पहिलं पथ्य, पाठलाग बंद. त्याऐवजी मोकळ्या जागेत आपणच दडायच्या जागा करून द्यायच्या, जिथून त्यांना सहज उचलता येईल अशा. उलटं ठेवलेलं, एका बाजूने कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं, कापडाच्या ताग्याच्या आतली जाड नळी, जुन्या जीन्सचा पाय. त्या भिंतीलगत ठेवायच्या, मधे नाही. आमच्याकडे जीन्सचा पाय सगळ्यात लोकप्रिय आहे. परत न्यायची वेळ झाली की दोन्ही टोकं धरून तो तसाच पिंजऱ्यात नेता येतो.

पोटावर झोपून बघा

हे वाचून सोडून देऊ नका, खरंच झोपून बघा. गाल फरशीला लावून टॉर्च जमिनीलगत धरला की ज्या फटी उभ्याने कधीच दिसत नाहीत त्या काळ्या रेघेसारख्या दिसायला लागतात. मोजमाप सोपं आहे. अंगठा आत गेला, म्हणजे दोनेक सेंटिमीटरची फट असली, की मोठ्या उंदराचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की मागोमाग अंग जातं. पिल्लं असतील तर करंगळीने मोजा.

मला आमच्या घरात ज्या सापडल्या त्या सांगते, कारण बहुतेक फ्लॅटमध्ये याच असतात. सोफा उलटा केला तर खालच्या काळ्या कापडाचा एक कोपरा स्टेपलमधून सुटलेला होता. आत हात घातला तर स्प्रिंगांच्या मधे फोमचा बारीक चुरा, चार शेंगदाणे आणि केसांचा रबर. म्हणजे ज्या संध्याकाळी पाहुणे सोफ्यावर बसले होते त्याआधी कधीतरी जिरी तिथे बसून गेली होती. ते आठवलं की अजून काटा येतो. सोफ्याला खालून पातळ प्लाय ठोकून घेतला. ते जमत नसेल तर सोफा असलेली खोलीच खेळायला देऊ नका, दुसरा मार्ग नाही.

मग दिवाणाच्या मागची भिंतीकडची फट. फ्रिजमागे गरम असतं, तिथे कॉम्प्रेसर आणि वायरी. वॉशिंग मशीनचा तळ बऱ्याचदा उघडाच असतो. एसीचा पाइप जिथून भिंतीबाहेर जातो तिथलं भोक. नहाणीची जाळी. कमोडचं झाकण, कारण उंदीर पोहतो छान पण गुळगुळीत भांड्यातून त्याला वर येता येत नाही. खिडकीच्या ग्रिलमधून तर मांजर जातं, उंदराचं काय घेऊन बसलात. स्वयंपाकघराचा मी विचारच केला नाही. ट्रॉल्यांच्या मागे इतक्या फटी असतात की बुजवून संपत नाहीत, त्यामुळे तिथलं दार बंद आणि दाराखाली लाकडी पट्टी.

बुजवायला कागदाचे बोळे, टॉवेल, थर्मोकोल वापरून वेळ घालवू नका. एका रात्रीत ते ओढून आत नेतात आणि त्याचंच घरटं करतात. लाकडी पट्टी, प्लाय, बारीक भोकांची लोखंडी जाळी किंवा सरळ सिमेंट, एवढंच टिकतं.

खोली आवरण्यासारखी नसेल तर कुंपण करा. नालीदार प्लॅस्टिकचे किंवा प्लायचे गुळगुळीत पत्रे, उंची निदान तीन फूट. दोन फूट उडी उंदीर सहज मारतो. चिकटपट्टी बाहेरून लावा, आतून लावली तर ती कुरतडतात. आणि कुंपणाजवळ उशी, खोकं, काहीही नको. आम्ही सगळं नीट केलं आणि तरी मोहरी बाहेर! मी पाठ कुंपणाला टेकून बसत होते, माझ्याच खांद्यावरून ती पलीकडे उतरली होती.

वायरी

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून त्याला चावायला लागतंच, हे खरं आहे. पण लाकडाचे ठोकळे दिले की तो वायर सोडतो असं होत नाही. वायर मऊ आणि चिवट असते, नेमकी भिंतीच्या कडेने, त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पडलेली असते. ठोकळे द्या, पण वायर वाटेतून हलवा. जी उचलता येते ती प्लगमधून काढून वर ठेवायची. जी काढता येत नाही ती भिंतीवर केसिंग पट्टीत किंवा जाड पीव्हीसी पाइपात घालायची. तिखट, डेटॉल, कडू फवारे लावायचा सल्ला मिळतो. माझ्या पाहण्यात त्याने दोन दिवसांपलीकडे फरक पडत नाही, आणि तिखट डोळ्यांत गेलं, डेटॉलची वाफ नाकात गेली की त्रास उंदरालाच. त्यांची छाती मुळातच नाजूक असते.

घरात गळतीच्या विजेला पडणारा ब्रेकर, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, नसेल तर बसवून घ्या. तो माणसांसाठीही हवाच.

उंदराला झटका बसलाच तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद. तो उठून पळाला, ठीक दिसला, तरी डॉक्टरांकडे न्या. तोंडातलं भाजलेलं बाहेरून दिसत नाही, आणि छातीत पाणी भरणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

ज्याकडे लक्षच जात नाही ते

उंदराला उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलं की गेलं. उंदीर मारायची औषधं चालतात त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून घरातल्या विषांची यादी जरा निर्दयपणे करा. खालच्या सॉकेटमध्ये लावलेलं डासांचं लिक्विड, झुरळांचा खडू, कपाटाखालचं झुरळांचं जेल, मोरीतल्या आणि कपड्यांतल्या डांबरगोळ्या, नुकतीच फिनाईलने पुसलेली फरशी, गॅलरीतली कण्हेर. आमच्या सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, "आई, संध्याकाळनंतर फरशी नुसत्या पाण्याने पुसूया का?" त्या म्हणाल्या, "अगं, मग सकाळीच फिनाईल घेऊ, रात्रीपर्यंत वास जातो." तेव्हापासून तसंच चाललंय.

सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं तेव्हा काय वापरलं ते विचारा आणि नाव लिहून ठेवा. रंगीत ठोकळे बहुधा रक्त गोठू न देणारे असतात, ब्रोमॅडिओलोनसारखे. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, मग उंदीर मलूल होतो, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं. लवकर कळलं तर डॉक्टर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवू शकतात, म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. काळपट भुकटी असेल, झिंक फॉस्फाइड, तर त्यावर उतारा नाही. बाहेरचा उंदीर ठोकळा ओढत गॅलरीत आणून टाकू शकतो, त्यामुळे आमच्याकडे गॅलरी कायमची बाद आहे.

गॅलरी आणि जिना बाद असण्याचं दुसरं कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. पावसाळ्यात बाहेरच्या उंदरांच्या लघवीतून तो पसरतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तो आपल्या उंदरांनाही होतो आणि त्यांच्याकडून आपल्याला. खेळून झालं की साबणाने हात, आणि हाताला चीर असेल तर त्या दिवशी हातमोजे. चावल्यानंतर काही दिवसांनी ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तर घरी उंदीर आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

पण या सगळ्यापेक्षा मला धास्ती आहे ती पायाची. उंदीर टाचेमागे येऊन उभा राहतो, आपण एक पाऊल मागे घेतो. आमच्या घरचा नियम असा: पिंजरा उघडा असेल तोवर पाय उचलायचा नाही, फरशीवर घासत न्यायचा. चपला नाहीत. दार ढकलताना आधी बिजागरीच्या बाजूला बघायचं. लहान मुलं आली तर त्यांनी भिंतीला टेकून मांडी घालून बसायचं, उंदीर त्यांच्याकडे येतील. कुत्रा-मांजर कितीही गरीब असलं तरी त्याच खोलीत नको.

हाकेला यायला शिकवा

एवढं सगळं करून खरा फरक पडला तो याने. एका छोट्या स्टीलच्या डबीत थोडे शेंगदाणे घालून ठेवले. सुरुवात पिंजऱ्यातच. डबी दोनदा खुळखुळवायची आणि लगेच एकेक कुरमुरा द्यायचा. रोज दहा वेळा, चार-पाच दिवस. मग दार उघडून हातभर अंतरावरून, मग कुंपणाच्या दुसऱ्या टोकाहून, मग खोलीत. दोन आठवड्यांत जिरी जीन्सच्या पायातून धावत यायला लागली. मोहरीला, तिच्यावर झाडूचे दिवस जास्त गेले होते म्हणून असेल, महिना लागला.

इथे एक चूक हमखास होते. डबी फक्त पिंजऱ्यात कोंडायच्या वेळी वाजवली जाते. मग डबी म्हणजे खेळ संपला, हे त्यांना चार दिवसांत कळतं आणि ते येईनासे होतात. पाचदा बोलावलं तर चारदा खाऊ द्यायचा आणि पुन्हा सोडायचं. शिवाय रात्रीचं जेवण खेळाच्या आधी नाही, नंतर, पिंजऱ्यात. पोट भरलेला उंदीर कशाला येईल? खाऊ म्हणून कुरमुरा, उकडलेला मटार, अंड्याचा इवलासा तुकडा. पीनट बटरसारखं चिकट काही देऊ नका, घशात अडकतं.

उचलताना दोन्ही हात खालून, ओंजळीसारखे. शेपटीला कधीच नाही. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते, आणि उरलेली शेपूट मग वाचत नाही.

सगळं करूनही अधूनमधून बिघडत असेल तर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. मी केली, तेव्हा दिसलं की जिरी दर चार-पाच दिवसांनी एका रात्री अगदी बेभान होते, डबीला येत नाही, कुंपणावर उड्या मारते. मादीचं चक्रच तेवढ्या दिवसांचं असतं. त्या रात्री आम्ही फक्त पलंगावर, अर्धा तास खेळवतो. (नर-मादी एकत्र असतील तर मात्र एकत्र सोडूच नका. पाच आठवड्यांचं पिल्लूही माजावर येऊ शकतं आणि तीन आठवड्यांत घरात आणखी डझनभर होतात.)

मे महिन्यात वेगळंच कारण निघालं. उंदराला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की तो थंड फरशी शोधत फ्रिजखाली, मोरीत शिरतो. त्या दिवसांत खेळ रात्री अकरानंतर किंवा पहाटे, आणि कुंपणात एक ओली करून पुसलेली शहाबादी फरशी ठेवायची.

डोळ्यांभोवती, नाकाशी लालसर दिसलं तर दर वेळी ते रक्त नसतं. ताणामुळे, आजारामुळे डोळ्यांतून तसा लाल द्राव येतो. एखाद्या रात्री घाबरल्यावर दिसून सकाळी गेला तर ठीक. रोज दिसत असेल, श्वासाला घरघर असेल, तर उंदीर खेळापायी नव्हे, आजारपणामुळे दडतोय असं धरून चाला. उंदीर बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. कुणी बघतं का ते आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजच्या दारावर लावा.

आमच्याकडे आता उरलाय तो दिवाण. मागची फट सुताराने बंद केली, पण त्याआधी दिवाण ओढला तेव्हा कोपऱ्यात जिरीचं घरटं सापडलं होतं. चार्जरच्या वायरीचा तुकडा, माझ्या ओढणीचे धागे आणि देवघरातल्या अकरा फुलवाती, गोल रचून ठेवलेल्या. सासूबाईंनी त्या मोजल्या. तुपात भिजवून निरांजनात लावून ठेवलेल्या वाती सकाळी कुठे जातात, हे त्या महिनाभर विचारत होत्या. आता देवघराला काचेची सरकती दारं आहेत, आणि कोऱ्या, तूप न लावलेल्या दोन वाती रोज संध्याकाळी त्या स्वतः जीन्सच्या पायात ठेवतात. दिवाणाकडे जिरी गेले नऊ दिवस फिरकलेली नाही. मी तरी रोज झोपताना गादी उचलून टॉर्च मारून बघते.